दुर्गाबाई पान एकशे बारावर

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत हो! पाच माणसं, एक प्रिंटर आणि खालच्या मजल्यावर मसाल्याची गिरणी, एवढं असलं की ते आपोआप साठतात. परवा नणंदेकडे बारशाला गेले होते. सहज एक सांगायला घेतला, तर पाळणा राहिला बाजूला आणि बायका माझ्याभोवती! नणंद म्हणाली, "वहिनी, तू हे लिहून का नाही काढत?" म्हटलं, बरं. काढते.

आधी ओळखपरेड. आमचं ऑफिस लालबागला, पहिल्या मजल्यावर. वैद्य मॅडम वकील. चाळी आणि सोसायट्या रिडेव्हलपमेंटला जातात, तेव्हा बिल्डर तीन-चारशे पानांचं अ‍ॅग्रीमेंट पाठवतो. रहिवासी बिचारे पहिलं पान वाचतात आणि शेवटच्या पानावर सही करायला पेन शोधतात. मधली पानं आम्ही वाचतो. कुठल्या कलमात मेख मारलीय ते शोधायचं आणि तिथे खूण करायची, हा आमचा धंदा.

तृप्ती ज्युनियर वकील, गिरगावची. बोलायला लागली की फुलस्टॉप विसरते. मोरे स्कॅनिंग बघतात, कुरियर बघतात, आणि लोकांची मजाही बघतात. चेहरा देवमाणसाचा, बाकी विचारू नका. मी शुभांगी, टायपिंग आणि ड्राफ्टिंग. आणि सामंत काका. वय एकसष्ट, मॅडमच्या वडिलांच्या वेळेपासूनचे हेडक्लार्क, राहायला इथेच पलीकडच्या चाळीत. ह्या सगळ्या किश्श्यांचे हीरो तेच, पण हे त्यांच्या कानावर घालू नका. आधीच कमी भाव खात नाहीत.

*

काकांची वाचायची एक पद्धत होती. तीन पेन्सिली. लाल म्हणजे 'सही करू नका'. निळी म्हणजे 'विचारा'. हिरवी म्हणजे 'चालेल'. आणि महत्त्वाच्या पानांना जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या फाडून शेपट्या लावायच्या. काकांनी वाचलेलं अ‍ॅग्रीमेंट टेबलावर ठेवलं की पिसारा फुलवून बसल्यासारखं दिसायचं.

मग मॅडमनी एक दिवस जाहीर केलं, "आजपासून ऑफिस पेपरलेस. सगळं स्क्रीनवर वाचायचं, स्क्रीनवरच खुणा करायच्या."

काकांनी मान डोलावली. फक्त त्या आठवड्यापासून ते रोज दुपारी भाजी आणायला जायला लागले. कधी मेथी, कधी पालक, कधी नुसतीच कोथिंबीर. मला वाटलं, काकूंनी डाएट सुरू केलं असेल.

चौथ्या दिवशी मॅडम दारातच आडव्या आल्या. काकांच्या हातात कापडी पिशवी, वर मेथीची जुडी. पिशवीच्या ओझ्याने काका एका बाजूला कलले होते.

"काका, मेथी बरीच दिसतेय."

"स्वस्त होती, मॅडम."

"किती पानी आहे?"

"तीनशे अठरा," काका बोलून गेले.

जुडीखाली अख्खं अ‍ॅग्रीमेंट! खालच्या झेरॉक्सवाल्याकडून रोज छापून आणत होते. ती मेथी मग मीच घरी नेली. कोवळी होती हो.

*

आम्हाला वाटायचं, काका हट्टी. नव्याला नाकं मुरडणारे. मोरे तर म्हणायचे, "काकांना माऊस द्यायच्या आधी त्याची मुंज करायला पाहिजे, मग शिवतील."

एकदा माझं मशीन बंद पडलं म्हणून मी काकांच्या शेजारी जाऊन बसले. मॅडमनी त्यांना एक ओळ लाल करायला सांगितली होती. काकांनी माऊस धरला. पडद्यावरचा बाण ओळीवर जाईना. वर जायचा, खाली यायचा, थरथरत बाजूच्या समासात जायचा. काकांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. तरी तेच. आणि मग मला दिसलं की बाण थरथरत नव्हता, हात थरथरत होता.

"बरेच दिवस असं होतंय?" मी हळूच विचारलं.

"गप ऱ्हव गो," काका म्हणाले. मालवणी आली म्हणजे समजायचं, आतून हललेत. "पेन्सिल दाबून धरली की कळत नाय. ह्या मेल्या उंदराक काय दाबूचा?"

मला इतकं वाईट वाटलं! इतके महिने आम्ही ह्या माणसाची थट्टा करत होतो. मी कोणाला सांगणार नाही, असं त्यांना वचन दिलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मॅडमच्या टेबलावर राजीनामा ठेवला. एक पान, स्वतः टाइप केलेलं. मोरेंनी ते स्कॅन करताना वाचलं. तसं ते सगळंच वाचतात. 'वैयक्तिक कारणास्तव' असं लिहिलं होतं म्हणे. मोरेंनासुद्धा त्या दिवशी एकही विनोद सुचला नाही.

आता काकांना घरी बसून करायचं काय होतं? मुलगा पुण्याला, काकूंचं भजनी मंडळ. काका मला म्हणाले होते, "घरी बसलो तर दोन महिन्यांत गॅलरीतल्या लोकांना आज वार कोणता ते सांगायचं काम उरेल." जायचं तर बिलकूल नव्हतं. पण आपल्याला जमत नाही हे सांगण्यापेक्षा जाणं बरं, असा स्वभाव.

मॅडमनी पत्र घेतलं, ट्रेमध्ये ठेवलं आणि त्या प्रत्येक कागदाला म्हणतात तेच म्हणाल्या, "वाचून सांगते."

एका पानाचं पत्र. चारशे पानं दोन दिवसांत संपवणारी बाई. आठवडा झाला, पंधरवडा झाला. काकांनी विचारलं की उत्तर ठरलेलं, "अजून वाचतेय, काका."

*

मग तृप्तीचं मनगट सुजलं. दिवसभर माऊस फिरवून फिरवून. डॉक्टर म्हणाले, माऊस सोडा. तृप्ती कसली ऐकतेय? तिने कुठून तरी एक सॉफ्टवेअर शोधून आणलं. डॉक्युमेंट वाचायचं, पण सगळं कीबोर्डवर. मेनू नाही, चित्रं नाहीत, नुसतं पान. इंग्रजी जे दाबलं की खाली, के दाबलं की वर. एक बटण दाबून शब्द शोधायचा, दुसरं दाबून ओळ निवडायची आणि रंगाचं अक्षर दाबून रंगवायची. एम दाबून कुठलंही एक अक्षर दाबलं की त्या पानावर खूण बसते, मग कुठूनही परत तिथे उडी मारता येते.

आणि हाताला जुनी सवय नको म्हणून तिने सेटिंगमध्ये जाऊन त्यातला माऊस बंदच करून टाकला! सगळ्यांच्या मशीनवर. बाकी कामाला माऊस चालायचा, पण ह्या सॉफ्टवेअरमध्ये कितीही फिरवा, कितीही टिचक्या मारा, पान ढिम्म.

पहिला बळी मॅडम. समोर अ‍ॅग्रीमेंट उघडं. त्यांना वाटलं आपण मोरेंना मेसेज टाइप करतोय. इंग्रजी अक्षरांत 'मोरे चहा पाठवा' असं त्यांनी झरझर बडवलं. आता त्या सॉफ्टवेअरला काय माहीत चहा? त्याला प्रत्येक अक्षर म्हणजे हुकूम! पान गेलं शेवटाला, मग स्क्रीन झाला काळा, मग अ‍ॅग्रीमेंट झालं आडवं, आणि शेवटी बंदच पडलं.

"तृप्तीऽऽ! चाळ आडवी झाली!" मॅडम ओरडल्या.

मोरे धावत आले. "काय हवं होतं मॅडम?"

"चहा!"

"मग मला सांगायचं ना. बिल्डरला कशाला सांगितलंत?"

त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "हे बटणांचं प्रकरण मी ह्या जन्मात शिकणार नाही. मला एवढं पाठ होत नाही. तुम्ही उघडून देत जा, मी नुसती वाचेन."

आणि मे महिन्यात तर विचारू नका. खाली गिरणीत मिरच्या कुटायला सुरुवात झाली की वर आम्ही पाचही जण शिंकतो. बोट एमवर असताना शिंक आली की खूण भलत्याच पानावर. एका चाळीच्या सेक्रेटरींनी तृप्तीला विचारलं, "पान सत्तेचाळीसवर काहीच नाही, मग खूण कसली?" तृप्ती सरळ म्हणाली, "मिरची." सेक्रेटरींनी गंभीरपणे ते वहीत लिहून घेतलं.

*

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी डबा विसरले म्हणून परत वर आले. तृप्तीच्या मशीनवर काका बसलेले. दोन्ही तळवे टेबलाच्या कडेवर टेकवलेले, बोटं बरोबर मधल्या ओळीत, पाठ ताठ. विसरलेच होते मी, काका दादरच्या इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकलेले. मिनिटाला चाळीस शब्द!

बटणं टकटक वाजत होती आणि पानं पळत होती. मधेच एखादं बटण दोनदा लागायचं, पान पुढे सटकायचं. काका पुटपुटायचे, "हो, हो, मागे येऊ," आणि मागे यायचे. एक ओळ लाल झाली. मग एक निळी. हात टेकलेला, शांत.

मला बघून दचकले. मग हसायलाच लागले. "माका वाटलेला, ह्या माका जमाचा नाय. पण गो शुभांगी, ह्या तर नुसता टायपिंग असा!"

मी डबा घेतला आणि जिन्यात जाऊन डोळे पुसले. मिरच्यांचा सीझन होता, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

*

आता काका ते काका! खुणेला नुसतं अक्षर लावतील? प्रत्येक अक्षराला त्यांनी त्यांच्या चाळीतलं एकेक माणूस नेमलं.

डी म्हणजे दुर्गाबाई. गेली चाळीस वर्षं चाळीच्या नळावर त्यांचा शब्द शेवटचा. म्हणून पाण्याचं कलम आलं की तिथे डी. एन म्हणजे नाना परब. नानांना काहीही सांगा, "करू की, लवकरच करू," म्हणतात. जिन्यातला बल्ब त्यांनी घेतलेला आहे, लवकरच लावणार आहेत. म्हणून बिल्डरने जिथे जिथे 'शक्य तितक्या लवकर' लिहिलंय तिथे नाना. के म्हणजे कुसुमताई. वाटीभर खीर घेऊन येतात आणि जाताना दोन घरांत भांडण लावून जातात. जे कलम वाचायला फार गोड, तिथे कुसुमताई.

तृप्ती वैतागली. "काका, ही प्रोफेशनल पद्धत नाही! क्लायंटला काय सांगायचं?"

"तुला कलम सी-सात, सी-आठ लक्षात राहतं?"

"नाही."

"दुर्गाबाई राहील!"

आणि राहिली हो. आठवड्याभरात आम्ही सगळे तसेच बोलायला लागलो. "ह्या ड्राफ्टमध्ये दोन नाना आहेत." "कुसुमताईंपासून जपा, पान नव्वदला आहेत." नवीन क्लायंट बाहेर बसून घाबरून ऐकत असायचे.

*

तृप्तीला काही हे सहन होईना. तिने पैज लावली. क्लायंटचा फोन आला की कलम आधी कोण काढतं बघू. हरेल त्याने सगळ्यांना वडे द्यायचे.

फोन आला, मी स्पीकरवर टाकला. वरळीच्या एका सोसायटीचे चेअरमन. "मॅडम, पाण्याच्या टाकीचं नक्की काय ठरलं?"

तृप्तीने 'वॉटर' शब्द शोधायला घातला. साठ ठिकाणी सापडला. ती एक, दोन, तीन करत पुढे चाललीय, तोवर काकांनी दोनदा टकटक केलं, फोन हातात घेतला आणि चेअरमनना कलम वाचूनसुद्धा दाखवलं.

"चीटिंग!" तृप्ती म्हणाली. "तुम्ही शोधलंच नाहीत!"

"शोधायचं त्याने, ज्याने हरवलंय," काका म्हणाले. "मला दोन वडे. चटणी वेगळी बांधून आण."

मॅडम आतल्या टेबलावरून हे सगळं बघत होत्या. वडा त्यांनीही खाल्ला. काकांचा चेहरा एवढा खुलला होता, की मला वाटलं, आता काका पत्र परत मागतील. पण ते उठून टेबलापर्यंत गेले आणि विचारलं काय, तर, "मॅडम, वाचून झालं का?"

"अजून वाचतेय, काका."

काका परत येऊन बसले. राहिलेला वडा त्यांनी मोरेंना दिला. भीती हीच, की परत मागितलं आणि मॅडम म्हणाल्या, 'अहो, मी तर मंजूर करणार होते,' तर?

*

मग ती मीटिंग. भायखळ्याच्या एका चाळीची. आमच्याच ऑफिसात. एका बाजूला चाळीच्या कमिटीचे पाच जण, दुसऱ्या बाजूला बिल्डरचे वकील, कडक इस्त्री, हातात जाड पेन. भिंतीवर प्रोजेक्टर आणि कीबोर्डवर सामंत काका. मॅडमनीच बसवलं. तृप्तीचं तोंड एवढंसं झालं.

मला धाकधूक. दहा माणसांसमोर हात थरथरला तर? काकांनी तळवे टेबलाला टेकवले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

वकीलसाहेब म्हणाले, "पाण्याची काळजीच करू नका. चोवीस तास पाणी. अ‍ॅग्रीमेंटमध्ये स्वच्छ लिहिलंय."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "काका, दुर्गाबाई."

टक टक. भिंतीवर पान एकशे बारा. मधोमध लाल ओळ. पाणीपुरवठा विकासकाच्या सोयीनुसार आणि उपलब्धतेनुसार!

कमिटीतले एक आजोबा मोठ्याने वाचायला लागले. वकीलसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "ते जनरल भाषेत आहे. आणि जागेचा ताबा तर आम्ही..."

"काका, नाना."

टक टक. शक्य तितक्या लवकर.

"पण क्लबहाऊस, गार्डन, जिम..."

"कुसुमताई."

टक टक. क्लबहाऊस आहे, पण जुन्या रहिवाशांना प्रवेश वेगळ्या परवानगीने.

तासभर हे चाललं. काकांचं एकच बटण दोनदा लागलं. "मागे येऊ," म्हणाले आणि आले. शेवटी वकीलसाहेबांनी घाम पुसला आणि दबल्या आवाजात विचारलं, "ह्या दुर्गाबाई आज मीटिंगला आल्या आहेत का?"

दारातून मोरे म्हणाले, "नाही साहेब. त्या आल्या असत्या तर तुम्ही एवढा वेळ बसला नसता."

चार दिवसांनी सुधारलेला ड्राफ्ट आला. सोबत पत्र. त्यात चक्क लिहिलेलं, 'पान ११२, श्रीमती दुर्गाबाई यांची हरकत मान्य.' काकांनी ते घरी जाऊन खऱ्या दुर्गाबाईंना वाचून दाखवलं. त्या नळावरच होत्या. म्हणाल्या, "मी कधी हरकत घेतली? पण मान्य केली ना? मग माझंच बरोबर असणार!"

*

त्याच आठवड्यातला शनिवार. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. आल्यावर पाणी प्यायले. परत पाणी प्यायले. मग मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभे राहिले.

"मॅडम, ते माझं पत्र."

"कुठलं?"

"राजीनाम्याचं. म्हणजे वाचून झालं असेल तर... नसेल झालं तरी... म्हणजे माझं म्हणणं..." चारशे पानं उभी-आडवी वाचणारा माणूस, पण एक वाक्य काही जमेना. तृप्तीची बटणं थांबली. माझी थांबली. मोरे हातात कुरियर घेऊन तसेच उभे.

मॅडमनी वर बघितलंसुद्धा नाही. "कागद कुठे शोधू? ऑफिस पेपरलेस आहे. स्कॅन तुमच्याच फोल्डरमध्ये असेल. बघा."

काका जागेवर आले. तळवे टेकवले. फोल्डर उघडलं. तृप्तीच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये पत्र उघडलं. आम्ही तिघं पाठीमागे जाऊन उभे राहिलो, लाज सोडून.

'महोदया'पासून 'आपला नम्र'पर्यंत अख्खं पत्र लाल. एकही ओळ सुटलेली नाही. फक्त मध्ये दोन शब्द निळे होते. 'वैयक्तिक कारणास्तव'.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग खुर्ची वळवून मॅडमकडे बघितलं.

"मॅडम, हे रंग कोणी दिले?"

तृप्तीने माझ्याकडे बघितलं. मी मोरेंकडे. मोरेंनी मान हलवली, त्यांनी नाही.

"रंग?" मॅडम फाईलमधून मान न काढता म्हणाल्या. "अगंबाई! माझा माऊस लागला असेल चुकून."